पुरानंतर पोरांची शाळा: आधी पोरगं बसवा, कागद मागून

पूर ओसरला की गावात पहिले पंचनामा होतो. तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, कृषी सहायक येतो, कपाशी किती गेली, मका किती, ढोरं किती वाहिली, धाबं (मातीच्या छताचं घर) कोणाचं बसलं, सगळं लिहून नेतात आणि ते लागतंच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. कपड्यांची, भांड्यांची मदतही त्यातूनच मिळते. पण वह्या-पुस्तकं, दप्तर, कंपास यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो, आणि शाळेचा विषय घरात निघतो तोवर पंधरा-वीस दिवस गेलेले असतात, थोरला बापासोबत गाळ उपसायला लागलेला असतो आणि पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असते.

आपल्या खान्देशात हे जास्त महागात पडतं, कारण पूर येतो तो महिनाच वाईट आहे. नवापूरला रंगावलीचा पूर २०१८ च्या ऑगस्टात, धुळ्याला पांझरेचा २०१९ च्या ऑगस्टात, चाळीसगावला तितूर-डोंगरीचा २०२१ ला ३१ ऑगस्टला. म्हणजे सत्र अर्धं झालेलं. त्यानंतर लगेच ऑक्टोबरात कापूस वेचणी (जो काही वाचला तो), मग दिवाळीची सुट्टी, आणि दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, नंदुरबारकडचे लोक गुजरातला. पोरगं सप्टेंबर संपायच्या आत वर्गात परत बसलं नाही तर पुढे त्याला न बसवायला एकामागोमाग एक कारणं लागलेलीच आहेत. आणि सलग महिनाभर शाळेत न आलेलं मूल आपल्याकडे शाळाबाह्य धरतात. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, शाळा पहिल्या आठवड्यात भरली पाहिजे, इमारत असो नसो, दप्तर असो नसो, दाखला असो नसो. कसं करायचं ते खाली लिहितो, गावातले पालक, शाळा व्यवस्थापन समितीतले लोक, तरुण मंडळं, शिक्षक, ज्याला जे लागू पडेल ते घ्या.

जागा

बहुतेक गावात उंचावरची पक्की इमारत म्हणजे मराठी शाळाच, त्यामुळे घरं गेलेली कुटुंबं तिथंच येऊन राहतात. त्यांना हाकलायचं नाही हे तर उघडच आहे, पण चार खोल्यांपैकी एक खोली मोकळी करता येते का ते बसून बोला. नसेल होत तर मारुतीच्या मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा हॉल, अगदीच नाही तर एखाद्याच्या मोठ्या ओट्यावर ताडपत्री. कुटुंबांसाठी मंगल कार्यालय वगैरे दुसरी सोय होत असेल तर तहसीलदारांकडे सरपंचानं लेखी मागावी, कारण तोंडी सांगितलेलं त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

शाळेच्या स्वतःच्या खोलीत पाणी शिरलं असेल तर गाळ काढला, फरशी धुतली, लगेच पोरं आत, असं करू नका. आधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या, भिंतीत ओल असताना बोर्डाला हात लावला की झटका बसतो. फळीखाली, कपाटामागे, पोषण आहाराच्या खोलीत साप-विंचू असतात, ते दिवसाउजेडी मोठ्यांनी काठी घेऊन बघायचं, पोरांना "बाकं उचला रे" म्हणून पाठवायचं नाही. आणि कंपाउंडची भिंत. वर्गखोली टिकते पण ही भिंत पायातून भिजलेली असते आणि ऊन पडल्यावर चार-आठ दिवसांनी बसते, तिच्याजवळ पोरांना खेळू देऊ नका. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा अभियंता बघून जाईपर्यंत शंका असलेली खोली कुलूप लावून ठेवा. पाण्याच्या टाकीतलं पाणी सोडून द्या, घासून धुवा, मग ब्लीचिंग. पिण्याचं पाणी उकळलेलं नाहीतर मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाकलेलं, आशाताईंकडे बाटल्या असतात, त्या मागून घ्या.

पोषण आहाराचा तांदूळ भिजला असेल तर "वाळवून घेऊ, चालतो" असं म्हणणारा एक जण प्रत्येक गावात असतो. नाही चालत. पंचनामा करून तो बाजूला काढा आणि केंद्रप्रमुखांकडे नवीन मागणी करा. दुपारची खिचडी सुरू झाली की हजेरी आपोआप वाढते, ज्या घरात चूलच पेटत नाही तिथलं पोरगं त्या ताटासाठी येतं आणि आलं म्हणजे बसतं.

पहिले पंधरा दिवस शिकवायचं काय

पूर्ण वेळ शाळा भरवायच्या मागे लागू नका, रोज दोन-अडीच तास पुरे, पण रोज आणि ठरलेल्या वेळेला. दहा ते साडेबारा ही वेळ बरी पडते कारण तेव्हाच आई-बाप घरातला गाळ काढत असतात, पोरं पायात नसली की त्यांचंही काम उरकतं. शिक्षक कमी पडतील हे धरून चाला, शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांना जी बाहेरची कामं देता येतात त्यात जनगणना आणि निवडणुकीसोबत आपत्तीतलं मदतकार्यही आहे, म्हणजे गुरुजींना ऐन वेळेला यादी करायला पाठवलं तर ते बेकायदेशीर नाही. तेव्हा गावातली बारावी-बीए झालेली, डीएड करून घरी बसलेली पोरं-पोरी हेरून ठेवा. कॉलेजला जाणारी पोरं तशीही एसटी बंद म्हणून पारावर बसलेली असतात.

इयत्तेप्रमाणे न बसवता येतं कोणाला काय त्याप्रमाणे बसवा. अक्षर ओळखणारी एकीकडे, वाक्य वाचणारी दुसरीकडे, धडा वाचणारी तिसरीकडे, आठवी-नववीच्या पोरांना धाकट्यांच्या गटावर लावा. पहिले चार-पाच दिवस पाटी-पेन्सिल, चित्र, गोष्टी, गाणी, लगोरी. परीक्षा नको, "मागचा धडा कुठपर्यंत झाला होता" नको, आणि गृहपाठ तर मुळीच नको, ज्याच्या घरात लाइट नाही त्याला गृहपाठ देऊन काय मिळवणार आहात?

भाषेचं एक सांगतो. घाबरलेलं पोरगं पुस्तकी मराठीत बोलत नाही. पहिलीतलं पोरगं "दप्तर वाही गयं मनं" एवढंच म्हणतं आणि गप होतं, तिथं सरांनी "नीट बोल, माझं दप्तर वाहून गेलं असं म्हण" म्हटलं की संपलं. अहिराणीत बोलू द्या, पावरी, भिली बोलणारं असेल तर त्यात बोलू द्या, ती भाषा येणारी एखादी आजी किंवा अंगणवाडीच्या मदतनीस ताई वर्गात बसवली तर सगळ्यात चांगलं.

पुराची गोष्ट पोरांकडून वदवून घेऊ नका. बाहेरून आलेले मदतवाले हे फार करतात, मोबाइल समोर धरून "बाळा, पाणी आलं तेव्हा तुला काय वाटलं?" त्यांना सरळ थांबवा. पोरगं स्वतःहून सांगत असेल तर ऐका, चित्रात नदीच नदी काढत असेल तर काढू द्या. ढग आले की रडणं, रात्री अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं, हे पुष्कळ पोरांचं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, त्यावरून मारायचं-चिडवायचं नाही. महिना होऊनही पोरगं जेवत नाही, झोपत नाही, बोलणंच बंद झालंय असं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरला फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कागद

आता ज्यावरून सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते. लोक समजतात की दाखला वाहून गेला, आधार वाहून गेलं, म्हणजे शाळा अडली. पहिली ते आठवीला असं काही नाहीये. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये स्वच्छ लिहिलंय, कलम ५ म्हणतं की दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे दोन आकडे पाठ करून ठेवा.

याचा सगळ्यात जास्त उपयोग कुठं होतो, तर पोरांना मामाच्या गावाला पाठवतात तेव्हा. घर पडलं की आपल्याकडे पहिला विचार तोच असतो, पोरं महिना-दोन महिने मामाकडे राहतील, आणि मग ती तिथं नुसती राहतात, म्हशीमागे फिरतात, कारण "दाखला तर तिकडे आहे". तसं करू नका. मामानं दुसऱ्या दिवशी भाच्याला हाताला धरून तिथल्या शाळेत न्यायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं की पूरग्रस्त आहे, बसू द्या, दाखला मागून येईल. तोंडी नाही म्हटलं तर म्हणायचं, "सर, नाही म्हणताय ते लिहून द्या." लिहून कोणी देत नाही. तरीही अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एका पानाचा अर्ज, पोचवर शिक्का घेऊन.

पोराची मूळ नोंद तुमच्या घरातल्या कागदावर नसते, शाळेच्या जनरल रजिस्टरला असते, शिवाय यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतही त्याचा नंबर असतो. म्हणून गावानं सगळ्यात आधी वाचवायची वस्तू म्हणजे ते जाड, कापडी बांधणीचं रजिस्टर. भिजलं असेल तर घाईनं पानं उलटायची नाहीत, ओलं पान फाटतं नाहीतर शेजारच्या पानाची शाई घेऊन येतं. बंद ठेवूनच वरचा चिखल स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवा, सुती कापडात दाबून पाणी टिपा, मग उभं करून पानं थोडी पंख्यासारखी पसरवून सावलीत, हवेशीर जागी ठेवा, मधे मधे कोरा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र आत घालू नका, त्याची शाई उतरते. भर उन्हात तर ठेवूच नका, पानं आकसून एकमेकांना धरतात. दोन दिवसांत वाळणार नाही असं वाटलं तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, हसू नका, थंडीत बुरशी वाढत नाही आणि पुढे निवांत वाळवता येतं, कोल्ड्रिंकच्या दुकानात किंवा आइस्क्रीमवाल्याकडे असतोच एखादा. पान उघडता यायला लागलं की आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, मग बाकीचं.

घरातल्या कागदांनाही हीच रीत. लॅमिनेशन केलेल्यात पाणी शिरलं असेल तर प्लास्टिक ओढून काढू नका, अक्षरं प्लास्टिकसोबत निघून येतात, फोटो काढा आणि दुय्यम प्रत मागवा. दहावी-बारावीची गुणपत्रिका गेली असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना नाशिक विभागीय मंडळ लागतं, अर्ज शाळेमार्फत करा, आणि तोवर डिजिलॉकरवर मिळते का बघा. आधार नंबर पाठ नसला तरी मोबाइल जोडलेला असेल तर पुन्हा काढता येतं, नाहीतर आधार केंद्रावर बोटाचे ठसे. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स शाळेत किंवा कॉलेजात जमा केलेली असते, ती आधी शोधा, नंबर सापडला की सेतूवर पुढचं काम सोपं होतं. जात पडताळणी झालेली असेल तर तिचाही नंबर तसाच शोधा, ते सगळं परत पहिल्यापासून करायचं म्हणजे काय असतं ते टोकरे कोळी नाहीतर ठाकूर समाजातल्या कुणालाही विचारा.

पुस्तकं, वह्या आणि मदतवाले

भिजलेली पाठ्यपुस्तकं वाळवत बसू नका, वेळ जातो आणि बुरशीचा वास छातीत जातो. सरकारी आणि अनुदानित शाळांना पहिली ते आठवीची पुस्तकं फुकटच येतात, गटसाधन केंद्रात काही संच शिल्लक असतात, मुख्याध्यापकांनी इयत्तावार आकडा लिहून मागणी टाकायची. ती येईपर्यंत बालभारतीच्या साइटवर सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ आहेत, चालू आहे तेवढाच धडा काढून तालुक्याला झेरॉक्स मारून आणा. शेजारच्या कोरड्या गावात पुढच्या वर्गात गेलेल्या पोरांकडे जुनी पुस्तकं पडून असतात, एक मोटारसायकल आणि एक गोणी घेऊन फिरलात तर संध्याकाळपर्यंत काम होतं.

मदतीबद्दल. टेम्पो भरून वह्या येतात, सगळ्या दोनशेपानी, सगळ्यांच्या वर कोणाचा तरी हात जोडलेला फोटो, आणि पहिलीच्या पोरांना लागते चौकटीची वही. राग मानू नका, पण मागणी आपणच नीट केली पाहिजे. इयत्तेप्रमाणे, नगाप्रमाणे यादी करा: दुरेघी किती, चौकट किती, कंपास किती, दप्तर किती, चपला कोणत्या नंबरच्या किती (चिखलात अनवाणी चालून पाय कापतात आणि मग पोरं घरी बसतात), मोठ्या पोरींसाठी पॅड किती. यादी एकाच नंबरवरून ग्रुपवर टाका, म्हणजे चार जण चार याद्या फिरवत नाहीत.

दहावी-बारावीवाल्यांची यादी वेगळी ठेवा. त्यांचं नुसतं पुस्तक जात नाही, प्रॅक्टिकलची जर्नल जाते आणि तिच्यावर गुण असतात. विषयशिक्षकांना लगेच लेखी कळवा, मित्राच्या वहीचे फोटो काढून पुन्हा लिहायला सुरुवात करा. बोर्डाचा फॉर्म चुकवू नका, पैशावरून अडत असेल तर आधी विचारा, आपत्तीग्रस्त जाहीर झालेल्या तालुक्यांना परीक्षा शुल्कमाफी मिळत असते, पण ती कागद दिल्याशिवाय पदरात पडत नाही. आणि शाळा सुटलीच कोणाची, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे त्या पोराला कोणीतरी घरी जाऊन सांगा, तो स्वतः विचारायला येणार नाही.

जी पोरं परत येत नाहीत

इथं खरं काम आहे. पहिल्या आठवड्यातच पुराआधीचं हजेरीपत्रक समोर घेऊन एकेक नाव वाचा, कोण कुठं आहे ते लिहा: मामाकडे, निवाऱ्यात, सुरतला, माहीत नाही. "माहीत नाही"वाल्यांच्या घरी दोघांनी जायचं, त्यात एक बाई असावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांशी दिवाळीच्या आधीच बोला. गावात आजी-आजोबा असतील तर पोरं मागे ठेवता येतात, हंगामी वसतिगृहाची सोय त्यासाठीच आहे, मागणी समितीनं वेळेत करायला हवी, टोळी निघून गेल्यावर वसतिगृह मंजूर होऊन काय उपयोग! पोरं सोबत जाणारच असतील तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. सुरतला गेलेल्यांनी लक्षात ठेवा, तिथं महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आपलीच माणसं शेजारी राहतात, विचारलं की पत्ता कळतो.

पोरींचं लपवून बोलण्यात अर्थ नाही. पीक गेलं, कर्ज झालं, की "चांगलं स्थळ आहे, हुंडा मागत नाहीत, यंदा उरकून टाकू" हे सुरू होतं, आणि मंडळी नववीतली पोरगी बघून जातात. वय अठराच्या आत असेल तर तो २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, त्यांना कळवा, त्यांना गावाची भीड पडत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, नाव न सांगताही करता येतो. पण फोनच्या आधी एकदा पोरीच्या आईशी बोला, पुष्कळदा तिलाही नको असतं, तिला फक्त कोणीतरी सासऱ्यासमोर बोलायला पाहिजे असतं.

पुरात आई किंवा बाप गेलेला असेल तर बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. दोघंही गेले असतील तर पोरांना कोणी परस्पर "आम्ही सांभाळतो" म्हणून नेऊ देऊ नका, कितीही भला माणूस असला तरी, ते बालकल्याण समितीसमोरूनच झालं पाहिजे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की तेच हजेरीपत्रक परत काढा आणि पहिल्या सोमवारी पुन्हा नावं वाचा. सप्टेंबरात आलेली काही पोरं तेव्हा गळालेली दिसतील, कापूस संपायचा असतो, बाप नुकताच टोळीत गेलेला असतो. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जा, डिसेंबर लागू देऊ नका.